वीज आयोगाची उमेदवारी आणि शेतकऱ्याचा पंप

कायद्याच्या विद्यार्थ्यांनी शिक्षण चालू असतानाच प्रत्यक्ष कामाची ओळख करून घ्यावी, असा नियम भारतीय विधिज्ञ परिषदेने २००८ साली घालून दिला आहे. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमास एकंदर १२ आठवडे व पाच वर्षांच्या अभ्यासक्रमास २० आठवडे उमेदवारी करावी लागते. मात्र ती सलग चार आठवड्यांहून अधिक नसावी. पूर्वी नोकरीच्या आशेने मुले कचेरीत बिनपगारी बसून दप्तर शिकत, त्यास उमेदवारीच म्हणत. हल्ली तीस इंटर्नशिप हे नाव मिळाले आहे, इतकाच फरक. ही उमेदवारी वकिलाकडे किंवा न्यायालयात जशी करता येते, तशीच नियामक संस्थांतही करता येते, आणि महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ही त्यांपैकी एक संस्था होय. याच्याशी शेतकऱ्याचा काय संबंध, असे वाचकांस वाटेल. आमच्या मते तो फार निकटचा आहे.

सदर आयोग ऑगस्ट १९९९ मध्ये स्थापन झाला. विजेचा दर तो ठरवितो, व २००३ च्या विद्युत कायद्याप्रमाणे दर ठरविण्यापूर्वी त्यास लोकांच्या सूचना व हरकती ऐकून घ्याव्या लागतात. आता हरकत घेतो कोण? आमच्या बजाजनगरास लागून वाळूजची औद्योगिक वसाहत आहे. कारखानदारांच्या संघटना असतात, पगारी जाणकार असतात, आणि त्यांचे म्हणणे आकड्यांसह आयोगापुढे जाते. त्यात वावगे काही नाही. परंतु वसाहतीच्या कुंपणापलीकडे ज्याची विहीर आहे, त्याची बाजू मांडण्यास कोणी जवळचा नसतो. पुण्याच्या प्रयाससारख्या संस्थांनी वर्षानुवर्षे हे काम केले आहे खरे, तथापि दोन-चार संस्थांनी साऱ्या महाराष्ट्राचे शेत किती राखावे?

आकडे न तपासल्याने काय होते, याचे मोठे उदाहरण २००० सालचे आहे. खरेदी केलेल्या विजेतून मीटरवर मोजलेली विक्री वजा केली म्हणजे जे उरते, ते एक तर शेतीपंपांनी वापरले किंवा गळतीत व चोरीत गेले. पंपास मीटरच नसेल, तर या दोन रकमांमधील बांध कागदावर हवा तिकडे सरकविता येतो. तत्कालीन वीज मंडळाची गळती सुमारे १८ टक्के म्हणून सांगितली जात असे; आयोगापुढे छाननी झाली तेव्हा ती ३० टक्क्यांच्या वर असल्याचे निघाले. म्हणजे जी वीज शेतकऱ्याच्या नावावर लिहिली जात होती, तिच्यातील बरीच त्याच्या विहिरीपर्यंत पोचलीच नव्हती. आम्ही महसुली दप्तरात आयुष्य घालविले आहे. बांधावर न जाता चावडीत बसून केलेली पीकपाहणी आम्हांस चांगली ओळखता येते, व हा प्रकार तिचाच सख्खा भाऊ आहे.

आता कोणी म्हणेल की, एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपास राज्य सरकारने वीज मोफत केली; मग तक्रार कसली? परंतु मर्यादाच अश्वशक्तीची असल्यामुळे ती नोंद अधिक मोलाची झाली आहे. ज्याचा पंप साडेसातचा, पण कागदावर भार दहाचा लागला, त्याची सवलत एका आकड्याने जाते. शिवाय डीपी जळाली तर? आयोगाने २००५ मध्ये सेवेची मानके प्रथम ठरविली, तेव्हाच ग्रामीण भागातील जळालेले रोहित्र ४८ तासांत पूर्ववत करण्याची मुदत घातली आणि विलंबास तासाप्रमाणे भरपाई ठेविली. गव्हाचे पाणी आठवडाभर चुकलेल्या किती जणांनी ती मागितली? मागणार तरी कशी? डीपी केव्हा जळाली याची लेखी पोच कोणाजवळ नसते. वायरमनला फोन केला, एवढाच पुरावा.

म्हणून आमची सूचना अशी की, या विद्यार्थ्यांना मुंबईच्या कार्यालयात जुने निकाल चाळीत बसवू नये. त्यांना येथे परिमंडळाच्या ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे व तेथून शिवारात पाठवावे. एका महिन्यात एका फीडरवरील पंपांचे मंजूर भार ताडून पाहणे मुळीच अशक्य नाही. शहरात कांचनवाडीस राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे. तेथे परप्रांतीय मुलेही येतात. त्यांस सातबारा वाचता येणार नाही, तेव्हा स्थानिक विधी महाविद्यालयाचा एक विद्यार्थी जोडीस द्यावा. वेळ डिसेंबरची असावी. मे महिन्यात विहिरी कोरड्या व पंप बंद असतात. तेव्हा येऊन काय पाहणार?

एक गोष्ट मात्र कटाक्षाने सांभाळावी. मंच हा कायद्याने वीज कंपनीनेच स्थापावयाचा असतो. विद्युत लोकपाल तेवढा आयोगाने नेमलेला असतो. उमेदवार कंपनीच्या हाताखाली राहिला, तर तो कंपनीचेच टिपण लिहील. त्याची नेमणूक आयोगाने करावी व त्याचा अहवालही आयोगाकडेच जावा.

आपल्या संघाने या अर्थाचे पत्र आयोगास व विद्यापीठास धाडावे. तोवर सभासदांनी वीजबिले जपून ठेवावीत, पंपाच्या पट्टीवरील अश्वशक्तीचा आकडा बिलाशी ताडून पाहावा, आणि डीपी बंद पडल्याची तारीख व वेळ वहीत लिहून त्याच दिवशी लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. मंचाकडे तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि तिच्यासाठी वकील लावावा लागत नाही.