नागपूरची एकी कोर्टात संपू देऊ नका

29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात सहा मंडळ्यांनी आपापल्या जुन्या पाट्या उतरवल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे आपली सीएनआय, जन्माला आली. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल परंपरेची युनायटेड चर्च, बॅप्टिस्ट, ब्रेदरन, डिसायपल्स आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन शाखेचे मेथडिस्ट असे ते सहा जण. बोलणी 1929 पासून चालली होती. ज्यांनी ती सुरू केली त्यांतले कितीतरी जण तो दिवस पाहायला उरले नव्हते. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट ऐन वेळी मागे सरले, त्याची हळहळ अजून जात नाही. तरीही जे घडले ते आपल्या मातीत घडले. आज तेच आपण आपल्या हातांनी मोडायला निघालो आहोत, म्हणून हे लिहितो आहे.

त्या लोकांनी काय सोडवले होते ते आधी नीट पाहा. बाप्तिस्म्याचेच घ्या. अँग्लिकन घरात तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा होतो. बॅप्टिस्ट आणि ब्रेदरन म्हणतात, समज आल्यावर माणसाने स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करावा आणि मगच पाण्यात उतरावे. या एका प्रश्नावर युरोपात रक्त सांडले. झुरिकमध्ये 1527 साली फेलिक्स मान्झला याच कारणासाठी नदीत बुडवून मारले. नागपूरला ठरले की दोन्ही रीती एकाच मंडळीत नांदतील. आईबापांना वाटले तर बाळाचा बाप्तिस्मा करावा आणि मोठेपणी त्याचे दृढीकरण व्हावे. वाटले तर बाळाला देवाला अर्पण करून आशीर्वाद मागावा आणि बाप्तिस्म्याचा निर्णय त्याच्यावर सोडावा. पाळकांचा प्रश्न याहून नाजूक होता, कारण बिशपच्या हातून दीक्षा न झालेल्यांची सेवा अँग्लिकन पूर्ण मानत नसत. तेव्हा सगळ्याच पाळकांवर, अगदी बिशपांवरसुद्धा, प्रार्थनेत हात ठेवले गेले. कोणाचीही आधीची दीक्षा खोटी ठरवली नाही. कोणाला काय कमी होते आणि देवाने काय भरून काढले, याचा हिशेब मागायचा नाही, असे ठरवून ती माणसे एकत्र आली. एवढे मोठे मन आपल्या वाडवडिलांनी दाखवले आहे.

आणि हे भेद मुळात आपले होते कुठे? परदेशी मिशनांनी जिल्हे वाटून घेतले. नगर-सोलापूरकडे अमेरिकन मराठी मिशन, पुणे-जालन्याकडे स्कॉटिश, नाशिककडे चर्च मिशनरी सोसायटी, कोल्हापूर-मिरजेकडे अमेरिकन प्रेस्बिटेरियन. आजोबांचे गाव कोणते, यावर नातवाचा पंथ ठरला. रेव्हरंड नारायण वामन टिळकांना हे सलत होते. 1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले ख्रिस्तभक्त शेजारी शेजारी बसणार होते. 1919 च्या मे महिन्यात टिळक गेले. त्याच महिन्यात तिकडे तमिळ किनाऱ्यावर तरंगमबाडीला बिशप अझरय्या आणि त्यांच्या सोबत्यांनी जाहीर केले की ही फूट आम्ही घडवलेली नाही, ती बाहेरून आमच्यावर आली आहे. त्या हाकेतून 1947 साली चर्च ऑफ साउथ इंडिया उभी राहिली.

आता आजचे पाहा. एका तालुक्याच्या गावातले जुने दगडी चर्च मी पाहिले. दाराला दोन कुलुपे, किल्ल्या दोन गटांकडे. रविवारी आठला एका गटाची उपासना, दहाला दुसऱ्याची, आणि मधल्या वेळात फाटकाशी पोलिसांची गाडी. दोन्ही गट तेच 'उपासना संगीत' उघडतात, टिळकांचीच भजने म्हणतात, तीही एकाच पेटीवर. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात दोन्ही बाजूंचे विश्वस्त बदलाचे अर्ज, म्हणजे चेंज रिपोर्ट, पडून आहेत. पावसाळ्यात वेदीवर पाणी गळते, पण कौले बदलण्याचा खर्च मंजूर करायला वाद नसलेला एकही विश्वस्त शिल्लक नाही.

शेजारच्या गुजरातेत ब्रेदरन मंडळीच्या मालमत्तेचा वाद असाच सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 2013 मध्ये निकाल लागला: नुसत्या ठरावाने सोसायटी विसर्जित होत नाही, आणि ट्रस्टची मालमत्ता आपोआप नव्या चर्चकडे जात नाही. कायद्याच्या दृष्टीने न्यायालयाचे काही चुकले असे मला वाटत नाही. चूक आपली. 1970 मध्ये मने जुळली, कागद जुळवायचे राहिले, आणि पुढच्या पिढ्यांनी त्या फटीत पाचर ठोकली.

स्पष्टच बोलतो. या भांडणांत बाप्तिस्मा, प्रभुभोजन, बिशपपद यांतले काहीही पणाला लागलेले नाही. पणाला लागली आहे ती शहराच्या मध्यावर आलेली मिशनची जमीन: बंगले, शाळांची मैदाने, दवाखान्यांची आवारे. पंथाचे नाव फक्त वकीलपत्रावर चढते. ज्यांना खऱ्या श्रद्धेपोटी वेगळे राहायचे आहे, ते अलायन्स मिशनवाले असोत, पेंटेकोस्टल असोत, की वसईचे कॅथलिक, त्यांच्याशी माझे भांडण नाही. लुथरन आणि कॅथलिकांनी 31 ऑक्टोबर 1999 ला ऑग्सबुर्गमध्ये शेकडो वर्षांच्या वादावर एकत्र सही केली, ती आपापल्या घरात राहूनच केली. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रातले सगळे ख्रिस्ती मिळून एक टक्काही भरले नाहीत. त्या एक टक्क्याने एकमेकांना समन्स बजावत बसावे?

म्हणून मंडळीतल्या प्रत्येक सभासदाला हात जोडून सांगतो, हे काम पाळकांवर आणि वकिलांवर सोडू नका. आपल्या चर्चच्या ट्रस्टचा परिशिष्ट एकचा उतारा धर्मादाय कार्यालयातून काढा आणि वार्षिक सभेत मोठ्याने वाचून दाखवायला लावा. कोणती जमीन नावावर आहे, कोणती होती, हे म्हाताऱ्या बायकांनाही कळू द्या. वर्गणी त्यांनीही घातली आहे. वाद मिटेपर्यंत एक गुंठाही विकायचा नाही, असा ठराव दोन्ही गटांनी करावा. पुढच्या तारखेआधी एकदा तरी समोरासमोर बसा, आणि मध्ये तिसऱ्या पंथाचा, दोघांना मान्य असलेला वडीलधारा माणूस बसवा. तरुणांनो, जुन्या बाप्तिस्मा-लग्नांच्या नोंदवह्यांचे फोटो काढून ठेवा. एकेका वहीत कसर लागली आहे, आणि त्या पानांवर दोन्ही गटांचे पणजोबा एकाखाली एक लिहिलेले आहेत.

आणि या 29 नोव्हेंबरला प्रभुभोजन एकत्र घ्या. ते आपल्या गावात होणार का, हे येत्या रविवारी पाळकसाहेबांना विचारा. वरून आदेश नाही, असे उत्तर आले तर दोन्ही बाजूंच्या सभासदांच्या सह्या एकाच कागदावर घ्या आणि तो कागद घेऊन स्वतः बिशपांकडे जा.