छातीत दुखलं, पण कागदावर काय लिहिलं?

परवा ओळखीतले एक काका फाईल घेऊन आले. "पेपरात काही देता येतंय का बघा." काकूंना मध्यरात्री छातीत आणि मागं दोन खांद्यांच्या मधोमध कळ आली. खासगी दवाखान्यात दोन दिवस ठेवलं. बरं वाटलं, घरी आल्या. विम्याचा क्लेम मात्र नामंजूर. कारण काय, तर 'फक्त तपासणीसाठी दाखल'.

डिस्चार्ज कार्ड बघितलं. निदानाच्या जागी दोनच शब्द : 'चेस्ट पेन'. पाठीच्या कळेचं नाव नाही. कधी सुरू झाली, घाम आला का, ईसीजीत काय दिसलं, दाखल का करावं लागलं, काहीच नाही.

विमा कंपनी पेशंट बघत नाही, कागद बघते. प्रत्येक आजाराला आयसीडी-10 मध्ये कोड असतो. अंजायनाचा आय20, हार्ट अटॅकचा आय21, पाठीच्या वरच्या मणक्यांच्या दुखण्याचा एम54.6. नुसतं 'चेस्ट पेन' लिहिलं की गाडी आर07 वर थांबते. म्हणजे लक्षण आहे, कारण कळलेलं नाही.

मग काय, सरळ 'हार्ट अटॅक' लिहायचं? अजिबात नाही. तो खोटेपणा झाला. कारण सापडलं नसेल तर लक्षणाचाच कोड बरोबर. पण कशाची शंका होती, कोणत्या तपासणीनं ती फिटली, हे लिहायला चार ओळी लागतात. प्रश्न फक्त पैशांचा नाही. छातीतून पाठीत जाणारी कळ कधी महाधमनी फाटल्याचीही असते. उद्या काकूंना पुन्हा त्रास झाला तर नवा डॉक्टर काय वाचणार?

डॉक्टरांवर कामाचा भार आहे, मान्य. पण काकांनी अर्ज करून आतले केसपेपर मागवले, तर त्यात सगळं होतं! घाम, वेळ, ईसीजीतला बदल. फक्त कार्डावर उतरवायचं राहिलं. आता क्लेम परत पाठवलाय.

म्हणून सांगतो, दवाखाना सोडण्याआधी कार्ड वाचून घ्या. 'दोन दिवसांपासून'चं 'दोन वर्षांपासून' झालं तर तो जुना आजार ठरतो. इंग्रजी येत नसेल तर तिथंच विचारा, लाजू नका. आणि रेकॉर्ड मागितलं तर 72 तासांत द्यावं, असं डॉक्टरांच्या 2002 च्या आचारसंहितेतच आहे. तो आपला हक्क आहे, कुणाचे उपकार नाहीत.

तुमच्या घरातलं शेवटचं डिस्चार्ज कार्ड आज काढून बघा. काय लिहिलंय?