दुसऱ्या तऱ्हेचे डॉक्टर

आमच्या घरांतून एखादें मूल अभ्यासांत चमकूं लागलें, कीं त्याला डॉक्टर करावयाचें हा बेत वडील मंडळींच्या मनांत पक्का होऊन बसतो. या बेतांतील डॉक्टर रोग्याची नाडी पाहणारा, दारावर पाटी लावणारा आणि पुढेंमागें स्वतःचें रुग्णालय थाटणारा असतो. परंतु डॉक्टरांची आणखी एक तऱ्हा आहे, आणि तिची ओळख आमच्या कुटुंबांना अजून पुरेशी झालेली नाहीं. या डॉक्टरासमोर एक रोगी बसलेला नसतो; सबंध तालुका बसलेला असतो. अमक्या भागांतच बालकें अधिक कां दगावतात, सरकारजवळचा मर्यादित पैसा नव्या इमारतीवर घालावा कीं गांवोगांव फिरणाऱ्या सेविकांवर, एका दुखण्यापायीं किती कुटुंबें कर्जांत बुडतात, अशा प्रश्नांपैकीं एक घेऊन तो चारपांच वर्षें खपतो आणि त्यावर प्रबंध लिहून पीएच्. डी. होतो. सार्वजनिक आरोग्यशास्त्र आणि आरोग्याचें अर्थशास्त्र अशीं या विद्यांचीं नांवें आहेत.

या विद्यांसंबंधीं विचारणा करणारें एका वाचकांचें पत्र आमच्यापुढें आहे. पत्रलेखक एकत्र कुटुंबांतील कर्ते गृहस्थ आहेत. त्यांची पुतणी एम्. बी. बी. एस्. झाली व नंतर तिनें सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवीहि मिळविली. आतां विलायतेंतील एका विद्यापीठानें तिला पीएच्. डी.साठीं प्रवेश दिला आहे, पण शिष्यवृत्ति दिलेली नाहीं. मुलीच्या आजोबांनीं बांधलेलें घर गहाण टाकून तिला पाठवावें, कीं हा नाद सोडावयास लावून दवाखाना थाटून द्यावा, असें त्यांनीं विचारलें आहे. आमच्या मतें येथें दोन प्रश्न एकांत एक गुंतले आहेत. ही विद्या घेण्यासारखी आहे काय, हा पहिला. आणि तिच्यासाठीं घर गहाण टाकावें काय, हा दुसरा.

पहिल्या प्रश्नाचें उत्तर आम्ही निःशंकपणें होकारार्थी देतों. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणें २०१३-१४ सालीं देशांत आरोग्यावर झालेल्या एकंदर खर्चापैकीं ६४.२ टक्के रक्कम लोकांनीं स्वतःच्या खिशांतून भरली. २०२१-२२ सालीं हें प्रमाण ३९.४ टक्क्यांवर आलें. आंकडा उतरला ही आनंदाची गोष्ट होय. पण तो कशानें उतरला, कोणत्या घरांत उतरला आणि कोणत्या घरांत मुळींच उतरला नाहीं, हें शोधून काढणारा मनुष्य मुद्दाम तयार करावा लागतो. कितीहि कुशल शस्त्रवैद्य असला तरी हें काम त्याच्या शास्त्रांत येत नाहीं.

हें मोजणें किती मोलाचें असतें, याचें उदाहरण आपल्या गडचिरोली जिल्ह्यांतच आहे. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग आणि त्यांचे सहकारी यांनीं गांवांतील स्त्रियांना शिकवून नवजात बालकांची शुश्रूषा घरच्या घरीं करण्याची पद्धति बसविली. ३९ गांवांत ती चालू केली आणि ४७ गांवें तुलनेसाठीं ठेवलीं. १९९९ सालीं 'लॅन्सेट' या नियतकालिकांत त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. तिसऱ्या वर्षीं नवजात बालकांचें मृत्युमान तुलनेच्या गांवांच्या मानानें सुमारें ६२ टक्क्यांनीं कमी झालें होतें, आणि दर बालकामागें खर्च अवघा ५.३ डॉलर आला होता. बालकांविषयीं कळवळा पुष्कळांना असतो. परंतु तुलनेचीं गांवें आणि खर्चाचा हिशेब नसता, तर या कळवळ्याचें धोरण झालें नसतें. २०११ पासून आशा सेविकांमार्फत अशी शुश्रूषा देशभर सुरू झाली. हें काम पदवीसाठीं झालेलें नव्हे. पण अशीं कामें कशीं करावींत तें पीएच्. डी.च्या वर्षांत शिकावयाचें असतें.

दुसरें उदाहरण पुण्याचें. १९७१ सालीं प्रा. वि. म. दांडेकर व नीळकंठ रथ यांनीं दररोज माणशीं २२५० उष्मांक ही खूण धरून देशांतील दारिद्र्य मोजलें. डॉ. पां. वा. सुखात्मे यांनीं तिला हरकत घेतली. माणसामाणसाची गरज सारखी नसते, तेव्हां सरासरीहून कमी जेवणारा प्रत्येक जण उपाशीच असतो असें म्हणतां येत नाहीं, असा त्यांचा मुद्दा होता. वाद पुष्कळ वर्षें चालला. उपाशी कोणाला म्हणावयाचें यावर कोट्यवधि माणसांची गणना अवलंबून असते, म्हणून तो शब्दच्छल नव्हता. हे सुखात्मे सातारा जिल्ह्यांतील बुध गांवीं १९११ सालीं जन्मले, लंडन येथें १९३६ सालीं संख्याशास्त्रांत पीएच्. डी. झाले आणि १९५१ पासून संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेंत त्यांनीं काम केलें.

आतां दुसऱ्या प्रश्नाकडे वळूं. पीएच्. डी. करणारा विद्यार्थी म्हणविला जातो खरा, पण तो माहिती गोळा करतो, हिशेब मांडतो, कित्येकदां वर्गहि घेतो. हें काम आहे, आणि कामाला वेतन हवें. नेदर्लंड्स व स्वीडन या देशांत त्याला बहुधा विद्यापीठाचा नोकर म्हणूनच नेमतात व पगार देतात. अमेरिकेंतील पुष्कळ विद्यापीठें शिकविण्याच्या वा संशोधनाच्या कामाच्या मोबदल्यांत फी माफ करून विद्यावेतन देतात. तेथें 'डॉक्टर ऑफ पब्लिक हेल्थ' अशी निराळी पदवीहि आहे. तिला बहुधा असें साहाय्य नसतें, म्हणून दोहोंची गल्लत करूं नये. इंग्लंडांत सरकारी संशोधन-निधीचें किमान विद्यावेतन २०२५-२६ सालासाठीं २०,७८० पौंड होतें. मात्र परदेशीय विद्यार्थ्यांसाठीं तेथें जागा मोजक्या, आणि त्यांची फी अधिक. आपल्याकडे राष्ट्रीय पात्रता परीक्षेंतून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ति मिळाल्यास १ जानेवारी २०२३ पासून पहिलीं दोन वर्षें दरमहा ३७,००० व पुढें ४२,००० रुपये असा दर ठरलेला आहे. मुंबईस देवनार येथील लोकसंख्या-विज्ञान संस्था व टाटा सामाजिक विज्ञान संस्था, तिरुवनंतपुरम् येथील अच्युत मेनन केंद्र, हीं या अभ्यासाचीं नांवाजलेलीं स्थानें होत.

प्रवेशपत्र हातीं आलें म्हणून पेढे वांटण्यापूर्वीं वडील मंडळींनीं कांहीं गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात. फी सबंध माफ आहे कीं कांहीं भागापुरती? विद्यावेतन किती वर्षांचें, आणि प्रबंध लांबला तर पुढें कोण देणार? मार्गदर्शकाचें अनुदान मध्येंच संपलें तर काय? आजारपणाचा विमा व गांवोगांव हिंडण्याचा खर्च कोणाकडे? हे प्रश्न फाजील नव्हेत. २०२५ सालीं अमेरिकेंत आरोग्य-संशोधनाच्या सरकारी अनुदानांस कात्री लागली, तेव्हां कांहीं विद्यापीठांनीं नव्या जागा कमी केल्या व क्वचित् दिलेला प्रवेशहि परत घेतला. विद्यापीठाच्या नांवाइतकीच मार्गदर्शकाची चौकशी करावी. त्याच्या हाताखालून गेलेल्या विद्यार्थ्यांस मुलीनें स्वतः पत्र घालावें. किती जण वेळेवर पदवीधर झाले आणि आज काय करीत आहेत, हें ते सांगतात.

तेव्हां पत्रलेखक गृहस्थांस आमचें सांगणें असें: घर गहाण टाकूं नका आणि दवाखान्याचीहि घाई करूं नका. कुटुंबें कर्जांत कशीं बुडतात हें शिकण्यासाठीं एक कुटुंब कर्जांत लोटणें शहाणपणाचें नव्हे. मुलीनें वर्षभर एखाद्या संशोधन-प्रकल्पांत पगारी काम करावें, आपला विषय नेमका ठरवावा आणि शिष्यवृत्तीसह प्रवेशासाठीं देशांत व परदेशीं पुन्हां अर्ज करावेत. एका वर्षाच्या अशा अनुभवानें अर्जाला वजन येतें.

पैशाखेरीज कुटुंबानें द्यावयाचें आणखी एक साहाय्य आहे, आणि तें अधिक अवघड आहे. जागा मिळाल्यावर तीं चारपांच वर्षें तिच्याकडून घरखर्चाची अपेक्षा ठेवूं नये; दर सणाला "संपलें काय?" म्हणून विचारूं नये, बरोबरीच्या मुलामुलींच्या मिळकतीशीं तिच्या विद्यावेतनाची तुलना करूं नये, आणि लग्नाची बोलणीं तिच्या संमतीवांचून प्रबंधाच्या आड आणूं नयेत. हें साहाय्य करण्यास घर विकावें लागत नाहीं. मुलीचा हट्ट पोरकटपणाचा नाहीं हें आजोबांसह सर्वांनीं मान्य केलें, तर एका वर्षाचा विलंब तिला मुळींच जड वाटणार नाहीं, असा आमचा भरंवसा आहे.