सल्लागारांचा रविवार

मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळावी म्हणून नारायण मेघाजी लोखंडे १८८४ पासून झुंजले आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांना ती मान्य करावी लागली. त्याच परळच्या परिसरात, गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या काचेच्या मनोऱ्यांत आज उच्चशिक्षित तरुण-तरुणी व्यवस्थापन-सल्लागार म्हणून राबत आहेत. त्यांना भोंगा नाही. पण म्हणूनच काम संपल्याची खूणही नाही. लोखंड्यांनी मिळवलेला रविवार या मुलांनी स्वखुशीने परत केला, असे सांगण्यात येते. ही स्वखुशी कितपत खरी?

याची कसोटी कर्जत-खालापुरात लागते. कर्जत मुंबईपासून शंभर किलोमीटर. लोकलचा एकेरी प्रवास सुमारे दोन तासांचा, खोपोलीकराला त्याहूनही अधिक. कचेरीत बारा तास आणि गाडीत चार तास गेल्यावर उरलेल्या आठ तासांत झोप, जेवण, आईवडिलांची विचारपूस आणि संसार हे सारे बसवायचे! अहवालातील दुरुस्ती रात्री अकराला हाती आली, तर शेवटची गाडीही हुकणार. मग मुंबईत भाड्याची खोली येते, वाढीव पगार तिच्यात जिरतो आणि मुलगा स्वतःच्या घरी पाहुणा होतो. विपर्यास असा की, त्याच कर्जतच्या रिसॉर्टमध्ये मोठ्या कंपन्या आपल्या नोकरवर्गाला शनिवार-रविवारी शीण घालवण्यासाठी आणतात आणि तेथेही बैठकाच भरवतात.

या पेशात मोल नाही असे आम्ही म्हणत नाही. पंचविशीच्या आत उत्तम वेतन, नाना उद्योगांची जवळून ओळख आणि पुढच्या मोठ्या जागेची वाट, हे आकर्षण खोटे नव्हे. परंतु शिक्षणकर्जाचा हप्ता डोक्यावर असताना दिलेला होकार आणि मोकळ्या मनाने केलेली निवड यांत अंतर आहे. जुलै २०२४ मध्ये पुण्यात, लेखापरीक्षण व सल्ला देणाऱ्या एका जागतिक संस्थेत लागून चारच महिने झालेली २६ वर्षांची सनदी लेखापाल तरुणी मरण पावली. अतिश्रमाने तिचा बळी घेतला, असे तिच्या आईने संस्थेच्या प्रमुखांना लिहिले. संस्थेने ते मान्य केले नाही. केंद्रीय श्रम मंत्रालयाने चौकशी हाती घेतली. तरीही जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांनी आठवड्याला ९० तासांचा पुरस्कार केलाच. आठवड्याचे एकंदर तास १६८. त्यांतील निम्म्याहून अधिक मालकाचे, उरलेल्यांत माणसाचे आयुष्य!

कायदा कोठे आहे? महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली, जादा कामास दुप्पट वेतन ठरवले. २०२५ मध्ये सरकारने दिवसाची मर्यादा १० तासांवर नेण्याचा निर्णय घेतला. पण गोपनीय, व्यवस्थापकीय वा देखरेखीच्या पदावरील माणसे मुळातच या कायद्याबाहेर ठेवलेली आहेत. ज्याच्या हाताखाली एक शिपाईही नाही, अशा तरुणाच्या पदाला भारदस्त इंग्रजी नाव दिले की मालकाला पळवाट सापडते. पदाच्या नावावरून नव्हे, तर प्रत्यक्ष अधिकारावरून ही सूट ठरली पाहिजे आणि या कचेऱ्यांतील कामाच्या तासांची नोंद श्रम खात्याने तपासली पाहिजे, अशी आमची स्पष्ट मागणी आहे.

सुशिक्षित पालकांनाही दोन शब्द. मुलाला नोकरी लागली की आपण पहिला प्रश्न पगाराचा विचारतो आणि तो आकडा नातेवाइकांत मिरवतो. घरी किती वाजता येशील, रविवार तुझा की कंपनीचा, हेही त्याच दिवशी विचारावे. उत्तर असमाधानकारक असेल, तर कमी पगाराची नोकरी पत्करणाऱ्या मुलाला नाकर्ता ठरवू नये. लोखंड्यांच्या गिरणी कामगारांना आपल्या सुट्टीची किंमत कळत होती. आपल्या पदवीधरांना ती कळू नये काय?