राक्षसांचा कारखाना बंद का पडतो?

या सदरात आपण जातीच्या दाखल्यापासून वीजबिलापर्यंत अनेक विषयांवर बोललो. आजचा विषय वाचून काही ज्येष्ठ मंडळी नाक मुरडतील. परंतु गेल्या दोन-तीन महिन्यांत पालकांनी माझ्याकडे ‘माईनक्राफ्ट’ या मोबाईलवरच्या खेळाबद्दल जेवढ्या तक्रारी आणल्या, तेवढ्या दुसऱ्या कशाबद्दल आणल्या नाहीत. पोरांनी पंधरा-पंधरा दिवस खपून ‘फार्म’ बांधायचा, तो चालायचा नाही, मग भावंडांत भांडणे, रडारड, आणि शेवटी वडिलांच्या हातचा मार. तेव्हा हा फार्म काय असतो आणि तो बंद का पडतो, हे आपणही समजून घ्यायला हवे.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ही ठोकळ्यांची दुनिया आहे. जमीन, झाड, दगड, सारे ठोकळ्यांचे. ते खणायचे, जमवायचे आणि त्यातून हवे ते बांधायचे. स्वीडनच्या मार्कस पर्सन याने २००९ साली हा खेळ सुरू केला, २०११ मध्ये तो पूर्ण स्वरूपात बाजारात आला आणि २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती कंपनीच विकत घेतली. या दुनियेत अंधार झाला की राक्षस जन्मतात. झोंबी, हाडांचा सांगाडा, कोळी, आणि जवळ येऊन फुटणारा हिरवा क्रीपर. ते मेले की हाडे, दोरा, बंदुकीची दारू अशा कामाच्या वस्तू मिळतात. म्हणून मुले डोके लढवून उंचावर एक अंधारी खोली बांधतात. तिथे राक्षस जन्मतात, पाण्याचा लोंढा त्यांना खड्ड्यात ढकलतो, खाली आपटून ते मरतात आणि वस्तू पेटीत जमा होतात. हा झाला फार्म, म्हणजे राक्षसांचा कारखाना.

एका आजींनी विहारात मला सरळच विचारले, “भाऊ, पंचशील घेतलेल्या घरात हा मारायचा कारखाना कसा काय चालतो?” प्रश्न रास्त आहे, हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पहिल्या शीलाचा भंग होण्यासाठी समोर खरा प्राणी हवा, तो जिवंत आहे ही जाणीव हवी, मारण्याचा हेतू हवा, तसा प्रयत्न हवा आणि त्यातून जीव जायला हवा, असे पाली अट्ठकथांत सांगितले आहे. पडद्यावरच्या झोंबीला यातली पहिलीच अट लागू होत नाही. तरीही ज्या लेकराला रात्री त्याची स्वप्ने पडतात त्याला हा खेळ देऊ नये, किंवा खेळात ‘पीसफुल’ नावाची सोय आहे ती लावून द्यावी. मग राक्षस येतच नाहीत. गंमत अशी की या आजींच्या समाधानासाठी नातवाने ती सोय लावली आणि काढायची विसरला. दुसऱ्या दिवसापासून फार्म रिकामा! चार दिवस पोरगा पाण्याचे पाट उकरून परत बांधत होता. फार्म चालत नसेल तर पहिल्यांदा हे बघावे. खेळ पीसफुलवर असेल तर कितीही चांगला फार्म बांधा, पेटी रिकामीच राहणार.

आता ज्या प्रकरणामुळे मी हा लेख लिहायला बसलो ते सांगतो. एका घरात नववीतला मुलगा आणि सहावीतली मुलगी. फोन एकच, त्यातली दुनियाही एकच, वाटणी तासाची. मुलाच्या तासाला पेटी भरायची. बहिणीच्या हातात फोन गेला की तासाभराने पेटी होती तेवढीच. एकदा झाले, दोनदा झाले, आठवडाभर झाले. मग गल्लीतल्या पोरांनी निकाल दिला की हिचा पायगुण वाईट आहे, हिच्या हातात फोन देऊ नका. कोणी म्हणाले, हिच्यामुळे हेरोब्राईन आला. हेरोब्राईन म्हणजे पांढऱ्या डोळ्यांचे एक भूत. २०१० च्या सुमारास कोणीतरी ही अफवा सोडली. खेळात असे काही नाही, आणि कंपनी आपल्या नव्या आवृत्तीच्या माहितीत “हेरोब्राईन काढून टाकला” असे गमतीने छापत आली आहे. पण ती पोर रडत घरात बसली आणि तिची आईसुद्धा म्हणाली, “जाऊ दे ना भाऊ, नाही खेळली तर काय बिघडतं?”

बिघडते. पायगुण हा शब्द आपल्या वस्तीत आजही कोणाला चिकटतो, हे मी सांगायला नको. नव्या सुनेला चिकटतो, विधवेला चिकटतो, लागोपाठ मुली झालेल्या बाईला चिकटतो. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपण घरातले देव्हारे काढले, हा शब्द मात्र काही घरांत तसाच राहिला. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात अलौकिकावरचा विश्वास हा अधम्म मानला आहे आणि प्रत्येक घटनेमागे कारण असते, मग ते माणसाच्या कृतीतले असो वा निसर्गातले, अशी भूमिका मांडली आहे. मग फोनमधल्या फार्मला कारण नसेल काय?

मी व्यवसायाने कारकून. ट्रायल बॅलन्स जुळला नाही म्हणून कोणी वही फाडत नाही की शिपायाच्या पायगुणाला बोल लावत नाही. फरक किती ते बघायचे. फरकाला नऊने पूर्ण भाग गेला तर बहुधा कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झालेली असते, चौपन्नचे पंचेचाळीस झालेले असतात. तेव्हा मी त्या भावंडांना एक वही आखून दिली. तारीख, फोन कोणाच्या हातात, खेळातला माणूस कुठे उभा, पेटीत आधी किती वस्तू, नंतर किती. तिसऱ्या दिवशीच वही बोलू लागली. मुलगा आपल्या तासाला फार्मच्या खाली पेटीपाशी खाण खणायचा. मुलीने नदीपलीकडे सुंदर घर बांधले होते, तिचा सगळा वेळ तिथे जायचा. खेळात ‘शो कोऑर्डिनेट्स’ लावले की आपण कुठे उभे आहोत त्याचे आकडे दिसतात. मोजले तर घर आणि फार्म यांत साठाहून जास्त ठोकळ्यांचे अंतर निघाले.

इथे खेळाचा नियम लक्षात घ्यावा. खेळाडूपासून २४ ठोकळ्यांच्या आत राक्षस जन्मत नाहीत, आणि फार दूरही जन्मत नाहीत. कॉम्प्युटरवरच्या जावा आवृत्तीत लांबची मर्यादा १२८ ठोकळे. फोनवर ती ‘सिम्युलेशन डिस्टन्स’ नावाच्या आकड्यावर ठरते. साध्या फोनवर तो आकडा बहुतेक वेळा ४ असतो आणि मग मर्यादा येते अवघ्या ४४ ठोकळ्यांवर. म्हणजे मुलगी नदीपलीकडे असताना खेळाच्या दृष्टीने फार्म बंदच होता. पोरांचे निरीक्षण चूक नव्हते. तिच्या तासाला पेटी भरत नव्हती हे खरेच होते. मात्र निरीक्षणावरून कारणावर त्यांनी उडी मारली ती सरळ पायगुणावर.

मग अदलाबदल केली. मुलगी पेटीपाशी उभी राहिली, भाऊ तिच्या घरात जाऊन बसला. तिच्या तासाला पेटी भरली, त्याच्या तासाला एक हाडदेखील आले नाही. ती पोर एवढेच म्हणाली, “दादा, आता तुझ्या पायगुणाचं काय करायचं?” गल्लीतली पोरे खो-खो हसली. दादाचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. पुढे तिने घर मोडले नाही, नदीच्या अलीकडे दुसरा फार्म बांधला, आणि आता शेजारची पोरे आपापले बंद पडलेले फार्म तिच्याकडे घेऊन येतात.

दुसरे मोठे कारण म्हणजे जुने व्हिडिओ. मुले फोनवर पाहून जशीच्या तशी खोली बांधतात. पूर्वी मंद उजेडातही राक्षस जन्मत. २०२१ च्या अखेरीस १.१८ ही आवृत्ती आली तेव्हापासून मशालीचा किंवा लाव्हाचा जराही उजेड पोचला तरी त्या जागी ते जन्मत नाहीत, उजेड शून्यच लागतो. व्हिडिओवाला त्याच्या काळी खरे बोलत होता, आज ते लागू नाही. केसपुत्ताच्या कालामांना भगवंतांनी जो उपदेश केला तो आठवावा. सांगणारा मोठा आहे म्हणून मानू नये, आपल्या अनुभवाला लावून पाहावे. व्हिडिओची तारीख आणि आपल्या खेळाची आवृत्ती ताडून पाहायला एक मिनिट लागते.

तिसरे कारण खालच्या गुहा. एका वेळी किती राक्षस असावेत याला खेळाने मर्यादा घातली आहे. जावा आवृत्तीत एकट्या खेळाडूला साधारण ७०, फोनवरचा हिशेब वेगळा. आसपासच्या अंधाऱ्या गुहांत ही संख्या भरली तर फार्मच्या वाट्याला काही उरत नाही. रेशन दुकानात धान्य ठरलेले आणि रांगेत पुढे भलतेच उभे, तसाच हा प्रकार. गुहांत मशाली लावाव्यात, नाहीतर फार्म समुद्रावर उंच बांधावा. जमिनीवर बांधलेला फार्म शेजारी नीट, पण आपला रिकामा, याचे उत्तर बहुधा पायाखाली असते.

बाकीच्या चुका बारीक आहेत. दगड वाचवायला जमिनीला अर्धे ठोकळे खालच्या बाजूने लावले किंवा काच वापरली तर त्यावर राक्षस जन्मत नाहीत. पाणी सपाटीवर उगमाच्या पुढे सातच ठोकळे जाते, पाट त्याहून लांब केला की राक्षस मधेच उभे राहतात. कोळी एका ठोकळ्याच्या वाटेत मावत नाही, शिवाय भिंतीवर चढतो. तो अडकला की मागची सारी रांग तुंबते. वाट दोन ठोकळ्यांची ठेवावी.

खड्ड्याची खोली हा तर शुद्ध हिशेब आहे. झोंबीची ताकद २०. पडण्याची इजा म्हणजे खोलीतून तीन वजा. २२ ठोकळ्यांवरून पडला तर १९ गेले, एक उरला. मग मुलाने एक फटका मारला की अनुभवाचे गुणही मिळतात. २३ केले तर तो आपोआप मरतो, वस्तू मिळतात पण गुण मिळत नाहीत. आणि तळाशी चुकून पाणी सांडलेले असेल तर इजाच होत नाही, सगळे मजेत पोहत राहतात. वस्तू पेटीत येत नसतील तर हॉपरची नळी पेटीकडे वळलेली आहे का ते पाहावे. बाहेर पडलेली वस्तू पाच मिनिटांत नाहीशी होते.

काही मुलांना खणताना शेवाळल्या दगडांच्या खोलीत पिंजरा सापडतो, त्याला ‘स्पॉनर’ म्हणतात. त्याचा नियम निराळा. खेळाडू १६ ठोकळ्यांच्या आत असेल तरच तो चालतो, आणि जवळपास त्याच जातीचे सहा राक्षस साठले की थांबतो. म्हणजे ते साठू न देता बाहेर वाहून न्यावे लागतात. चालत नाही म्हणून रागाने तो फोडू नये. फोडलेला पिंजरा हाती लागत नाही, परत लावताही येत नाही. पालकांनीही रागाच्या भरात खेळ फोनमधून काढून टाकू नये, कारण त्याबरोबर मुलांची सारी दुनिया बहुधा पुसली जाते. खेळाची वेळ ठरवून द्यावी, ती पाळली नाही तर फोन काढून घ्यावा.

एवढे करूनही कोणाचा फार्म चालत नसेल तर पत्रात चार गोष्टी लिहाव्यात. फोन की कॉम्प्युटर, खेळाची आवृत्ती, सिम्युलेशनचा आकडा, आणि उभे राहण्याची जागा फार्मपासून किती ठोकळे. नदीपलीकडची ती पोर उत्तर लिहायला तयार आहे. पुढच्या अंकात शिष्यवृत्तीच्या अर्जाला लागणाऱ्या कागदपत्रांविषयी.