शिक्षक म्हणजे ज्ञानाचा निरोप्या नव्हे

विज्ञान निर्माण करावयाचे ते शास्त्रज्ञांनी आणि शिक्षकाने ते वर्गात नेऊन पोचवावयाचे, ही श्रमविभागणी आपल्या शिक्षणव्यवस्थेने जणू निसर्गनियम म्हणून स्वीकारली आहे. तिचे समर्थन नेहमी काटकसरीच्या भाषेत होते. शाळेत पेशी शिकवणाऱ्या शिक्षकाला पेशीविज्ञानाच्या प्रयोगशाळेत उन्हाळाभर बसवणे ही गरीब देशाला न परवडणारी चैन आहे, असे सांगितले जाते. हा युक्तिवाद हिशेबाच्या कसोटीवर टिकत नाही; समतेच्या कसोटीवर तर मुळीच टिकत नाही.

प्रथम हिशेब पाहू. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पेशींच्या शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक सॅम्युएल सिल्व्हरस्टाइन यांनी १९९० साली विज्ञानशिक्षकांसाठी उन्हाळी संशोधनाचा कार्यक्रम सुरू केला. शाळेच्या शिक्षकांनी लागोपाठ दोन उन्हाळे, प्रत्येकी आठ आठवडे, विद्यापीठाच्या प्रयोगशाळांत प्रत्यक्ष संशोधन करावयाचे आणि या कामाचा त्यांना मोबदला मिळावयाचा, अशी ही योजना. तिचे फलित २००९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. कार्यक्रमापूर्वीच्या वर्षी या शिक्षकांचे विद्यार्थी आणि इतर शिक्षकांचे विद्यार्थी राज्याच्या विज्ञानपरीक्षेत सारख्याच प्रमाणात उत्तीर्ण होत होते. तिसऱ्या व चौथ्या वर्षी मात्र सहभागी शिक्षकांच्या विद्यार्थ्यांचे उत्तीर्णतेचे प्रमाण १०.१ टक्क्यांनी अधिक भरले. शिक्षकी पेशा सोडून जाणाऱ्यांची संख्या घटली. कार्यक्रमावर खर्चलेल्या प्रत्येक डॉलरमागे शाळांची १.१४ डॉलरची बचत झाली. प्रयोगशाळेत जाणारे शिक्षक मुळातच उत्साही असणार, असा आक्षेप यावर घेता येईल. पण मग त्यांचे विद्यार्थी आधीच्या वर्षीही पुढे असावयास हवे होते. तसे ते नव्हते.

शिक्षक त्या आठ आठवड्यांत असे काय शिकतो? पुस्तकातील व्याख्या त्याला पाठच असतात. पेशी ३७ अंश तापमानात वाढवाव्या लागतात, कुपीत बुरशी शिरली तर पंधरवड्याचे काम फेकून द्यावे लागते, तुलनेसाठी दुसरी कुपी ठेवली नसेल तर निघालेल्या निष्कर्षाला काडीचीही किंमत नसते, हे त्याला हातांनी कळते. उत्तर आधी ठाऊक नसलेल्या प्रश्नासमोर तो उभा राहतो. आपल्या वर्गात नेमकी हीच गोष्ट कधी घडत नाही.

ती घडत नाही म्हणून काय बिघडते, याचा पुरावा पेशीविज्ञानाच्या इतिहासातच आहे. माणसाच्या पेशीत ४८ गुणसूत्रे असतात, असे पेंटर या शास्त्रज्ञाने १९२३ साली सांगितले. पुढे तीन दशके पाठ्यपुस्तकांनी हा आकडा गिरवला आणि तो जगभर शिकवला गेला. १९५६ साली स्वीडनमधील लुंड येथून चियो आणि लेव्हान यांनी वाढवलेल्या पेशींतील गुणसूत्रे नीट मोजून ती ४६ असल्याचे प्रसिद्ध केले. छापील शब्दापुढे मान तुकवण्याची सवय खुद्द शास्त्रज्ञांनाही जडते. मग ज्याने आयुष्यात एकदाही स्वतः मोजून पाहिलेले नाही, तो शिक्षक विद्यार्थ्याला ‘मोजून पाहा’ असे कोणत्या अधिकाराने सांगणार? शब्दप्रामाण्याविरुद्ध महात्मा फुल्यांपासून झगडणाऱ्या महाराष्ट्रात हा प्रश्न केवळ अध्यापनपद्धतीचा राहत नाही.

अमेरिकेची श्रीमंती येथे कोठून आणावी, असे विचारणाऱ्यांनी शेजारच्या मध्य प्रदेशाकडे पाहावे. होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली १६ शाळांतून विज्ञानशिक्षणाचा जो उपक्रम सुरू झाला, त्यात टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ आणि दिल्ली विद्यापीठाचे अध्यापक गावच्या शिक्षकांबरोबर बसले. उन्हाळी शिबिरांत शिक्षक स्वतः प्रयोग करीत, शंका काढीत, वाद घालीत. साहित्य स्वस्त होते आणि शाळा सरकारी होत्या. १९७८ मध्ये उपक्रम जिल्हाभर पसरला. २००२ साली राज्य सरकारने तो बंद केला. म्हणजे साधनांच्या अभावी हे काम अशक्य होते असे नव्हे; ते शक्य झाल्यावर शासनाने मोडले.

येथेच खरा प्रश्न उभा राहतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २७ ने शिक्षकाला शिक्षणबाह्य कामाला जुंपण्यास मनाई केली, पण जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका यांचा अपवाद ठेवला. शिक्षकाला वर्गाबाहेर कशासाठी नेता येईल, हे राज्याने कायद्यात लिहून ठेवले. ज्ञाननिर्मितीत भाग घेण्याचा हक्क मात्र त्याच्या सेवाशर्तींत कोठेही नाही. महाराष्ट्रात तर उमेदीची तीन वर्षे ‘शिक्षण सेवक’ म्हणून मानधनावर काढावयाची, किंवा तासिका तत्त्वावर दर तासाचे पैसे मोजून घ्यावयाचे. ज्याची मे महिन्यातील चूल अनिश्चित आहे, त्याला संशोधनाचे निमंत्रण देणे ही थट्टा होय.

म्हणून कोलंबियाच्या योजनेची नक्कल करून भागणार नाही. निवडक शिक्षकांना दिलेली संधी कितीही उत्तम असली तरी ती निवडकांचीच राहते. शिक्षक संघटनांनी पगारवाढीच्या मागणीबरोबरच पुढील मागण्या लावून धरल्या पाहिजेत. प्रत्येक विज्ञानशिक्षकाला ठरावीक वर्षांनी भरपगारी संशोधनकाळ मिळावा. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रासारख्या, जनतेच्या पैशावर चालणाऱ्या संस्थांनी शिक्षकांसाठी दरवर्षी जागा राखून ठेवाव्यात आणि त्यांत जिल्हा परिषदेच्या शाळांना अग्रक्रम द्यावा. कंत्राटी नेमणुकांची पद्धत तर बंदच व्हावी, कारण तिच्या वाचून पहिल्या दोन मागण्या कागदावरच राहतील.

ज्या समाजाने ज्ञान मूठभरांच्या हाती कोंडले, त्याची किंमत शतकानुशतके येथल्या बहुजनांनी मोजली आहे. प्रयोगशाळेच्या दारावर जुन्या जातींची पाटी आज लागत नाही. पण आत कोण आणि बाहेर कोण, याची वाटणी अजून चालू आहे. ती मोडण्याच्या कामात गावच्या शाळेतील शिक्षकाला आत जाता आले पाहिजे. कारण त्याच्या मागोमाग त्याचा संपूर्ण वर्ग आत जात असतो.