रात्रपाळीचा करार

'परिचारिकांच्या संपामुळे रुग्णांचे हाल' या मथळ्याने २०२५ मध्ये वर्षभर आमचं डोकं उठवलं. त्या जुलैमध्ये सरकारी रुग्णालयांतल्या परिचारिका आझाद मैदानात धरणं धरून बसल्या, मग संपावर गेल्या, तेव्हा तो पुन्हा वाचावा लागला. सातव्या वेतन आयोगातल्या त्रुटी दूर करा, कंत्राटी नको, कायम भरती करा, हे त्यांचं म्हणणं बातमीत कुठेतरी शेवटच्या ओळींत असायचं.

त्या वर्षात बरंच घडलं. मराठवाड्यात पुराने उभी पिकं नेली, पहिलीपासून हिंदी शिकवण्याचा निर्णय सरकारला मागे घ्यावा लागला, खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर गेले. पण या दिवाळी अंकाचा विषय 'रात्र' आहे, आणि रात्रीचा विचार रात्रपाळीच्या सिस्टरला वगळून करता येत नाही.

सार्वजनिक रुग्णालयातला जनरल वॉर्ड आठवा. ड्युटीवर येताच सिस्टरच्या डोक्यात हिशेब सुरू होतो: कुणाचं सलाइन कधी संपणार, दहाचं अँटिबायोटिक किती जणांना द्यायचं, ऑपरेशन होऊन आलेल्याला लघवी झाली का. जमिनीवर गादी टाकून झोपवलेला पेशंट खाटांच्या संख्येत धरला जात नाही, पण त्याचंही तिलाच बघावं लागतं. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषाप्रमाणे साध्या रुग्णालयात पाच रुग्णांमागे आणि वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका हवी. प्रत्यक्षात अख्खा वॉर्ड एकीच्या अंगावर पडतो. एका टोकाला सलाइन संपून नळीत रक्त चढत असतं, तेव्हा ती दुसऱ्या टोकाला इंजेक्शन देत असते. रुग्णांचे हाल इथे होतात, आणि ते रोज होतात.

म्हणूनच वाटाघाटी पगारावर थांबता कामा नयेत. जानेवारी २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय आणि माँटेफिओर रुग्णालयांतल्या सात हजार परिचारिका तीन दिवस संपावर होत्या. पगारवाढ द्यायला व्यवस्थापन तयार होतं. त्या अडून बसल्या होत्या पुरेशा परिचारिकांसाठी. किती रुग्णांमागे किती परिचारिका, आणि ते प्रमाण मोडलं तर व्यवस्थापनाला भुर्दंड, हे मान्य करून घेऊनच त्या कामावर परतल्या.

संघटित ताकदीचा परिणाम इथेही दिसला आहे. आपल्याकडच्या खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांसाठी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने २०१६ मध्ये शिफारस केली: २०० हून अधिक खाटा असतील तर सरकारी वेतनाइतकं वेतन, आणि ५० हून कमी असल्या तरी महिना किमान २०,००० रुपये. केंद्राने ती सगळ्या राज्यांकडे धाडली. केरळच्या परिचारिकांनी संघटना बांधली, वारंवार संप केले आणि २०१८ मध्ये किमान वेतनाची अधिसूचना सरकारला काढायला लावली. शिफारशीचा कागद सगळीकडे सारखाच गेला होता, फरक संघटनेमुळे पडला.

तेव्हा आमचं म्हणणं स्पष्ट आहे. संपाची नोटीस येण्याची वाट न पाहता सरकारने आणि व्यवस्थापनांनी परिचारिका संघटनांना चर्चेला बोलवावं, आणि रुग्णांमागे परिचारिकांचं प्रमाण करारात लिहून द्यावं. मेस्माचा, म्हणजे अत्यावश्यक सेवांच्या कायद्याचा, धाक दाखवून वॉर्डात एकही सिस्टर वाढत नाही. वाचकहो, आपलं माणूस दवाखान्यात दाखल कराल तेव्हा रात्री वॉर्डात किती सिस्टर असतात, हे जरूर विचारा. ही मागणी परिचारिकांइतकीच तुमचीही आहे. त्यांच्या पाठीशी उभे राहा.